केबल काढली तरी हिरवाच: एआय सिक्युरिटीच्या पार्टनरशिपमध्ये गेलेले ७,३५,४६० रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लपवायला काही उरणार नाही. ७ लाख ३५ हजार ४६० रुपये. तीन हप्त्यांत गेले, आणि तिन्ही वेळा ओटीपी मीच टाकला. कुणी माझा फोन हॅक केला नाही, कुणी व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून बसलं नव्हतं. चौदा वर्षं मी लोकांचे कॉम्प्युटर सांभाळतोय. क्लायंटच्या स्टाफला 'अनोळखी लिंकवर क्लिक करू नका' हे भाषण इतक्यांदा दिलंय की झोपेत म्हणून दाखवेन. तरीही फसलो. लाजेपोटी एवढे दिवस गप्प होतो.

हसायचं तर हसा, पण आधी आपल्या धंद्याची अवस्था आठवा. हार्डवेअरमध्ये मार्जिन उरलं नाही. क्लायंट मोबाइलवर ऑनलाइन किंमत दाखवून आपल्यालाच जाब विचारतो. सर्व्हर क्लाउडवर गेला, ईमेल गेला, टॅलीसुद्धा गेलं, आणि मग 'आता तुम्हाला काम तरी काय असतं?' म्हणत एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभाल करार, कमी करून मागतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा पळापळ झाली, चार पैसे सुटले, पण ती एकदाचीच कमाई. त्यात आता प्रत्येक मालकाला एआय हवं. नऊ वर्षांपासूनच्या एका कारखानदार क्लायंटने मला केबिनमध्ये बसवून विचारलं, "तुमच्याकडे एआयचं काय आहे? दुसरा एक जण देतो म्हणतोय." काय उत्तर देणार होतो मी?

त्याच महिन्यात फोन आला. योजना तुम्हाला ओळखीची वाटेल: व्हाइट-लेबल एआय एसओसी, म्हणजे एआयवर चालणारं सिक्युरिटीचं नजरकेंद्र. प्रॉडक्ट त्यांचं, लोगो आपला. क्लायंटच्या मशीनवर एजंट नावाचा छोटा प्रोग्राम टाकायचा, चोवीस तास एआय नजर ठेवणार, धोका दिसला की स्वतःच मशीन वेगळं काढणार, आणि आपल्याला दर महिन्याला ठरलेलं उत्पन्न. त्यांना मी मशीनमागे महिन्याला ३१० रुपये द्यायचे, क्लायंटकडून ४५० घ्यायचे. बोलणारा माणूस आपल्यातला वाटत होता. ब्रेक-फिक्सचं (बिघडलं की दुरुस्त करा, तेवढेच पैसे) दुखणं, उधारी, रविवारी येणारे फोन, सगळं त्याला पाठ. 'सर, तुम्ही अजून पंक्चर काढताय, आणि लोक टायरच भाड्याने द्यायला लागलेत' हे त्याचं वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

पहिला हप्ता ऑनबोर्डिंग फी: १,७५,००० अधिक जीएसटी, एकूण २,०६,५००. दुसरा, २०० सीट (म्हणजे २०० मशीनची लायसन्स) सहा महिन्यांसाठी आगाऊ: ३,७२,००० अधिक जीएसटी, म्हणजे ४,३८,९६०. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ का दिले, असं सगळेच विचारतात. अहो, मोठ्या क्लाउड कंपन्यांची लायसन्स आपण विकतो तेव्हाही वर्षाचं कमिटमेंट असतंच, आणि पहिला आठवडा उलटला की क्लायंट पळाला तरी उरलेल्या महिन्यांचं बिल आपल्याच बोडक्यावर. आगाऊ पैसे भरायची सवय आपल्याला धंद्यानेच लावलीय.

मी काहीच तपासलं नाही असंही नाही. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला. 'ॲक्टिव्ह' दिसला. त्याच पानावर नोंदणीची तारीखही असते, ती वाचली नाही. वेबसाइटवर '२०१६ पासून सेवेत' लिहिलं होतं. डोमेन पैसे भरले त्या दिवशी जेमतेम ११ आठवड्यांचं होतं. डोमेन कधी नोंदलं ते हूइजवर बघायला अर्धा मिनिट लागतो, आणि क्लायंटला आलेल्या संशयास्पद मेलसाठी मी ते फुकट करून देतो. रेफरन्स म्हणून त्यांनी एका 'जुन्या पार्टनर'चा नंबर दिला, तो भरभरून बोलला. नंतर त्यांच्या टेक्निकल हेडशी बोलताना आवाज ओळखीचा वाटला. हो, तोच. रेफरन्स त्यांनी दिलेला घेऊच नका, तुमचा तुम्ही शोधा.

आता तो क्षण. हा प्रसंग मी रोज रात्री पुन्हा बघतो.

डेमो माझ्याच ऑफिसात होता. टेबलावर माझा जुना टेस्ट लॅपटॉप, त्याच्यावर एजंट टाकलेला, शेजारच्या स्क्रीनवर त्यांचा डॅशबोर्ड. लॅपटॉपच्या नावापुढे हिरवा ठिपका, 'लास्ट सीन: जस्ट नाऊ'. मी सवयीने नेटवर्कची केबल काढली. वायफाय आधीच बंद होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी चहा घेतला. ठिपका हिरवाच, 'जस्ट नाऊ' तसंच. मी विचारलं, "हे ऑफलाइन का दाखवत नाही?"

तो म्हणाला, "सर, कॅशे आहे." म्हणजे साठवून ठेवलेली जुनी माहिती दिसतेय.

आणि मी मान डोलावली. मी! क्लायंटची वेबसाइट जुनी दिसली की 'कॅशे आहे' सांगून वेळ मारून नेणारा मी. चौदा वर्षं लोकांच्या तोंडावर फेकलेला शब्द माझ्या तोंडावर फेकला गेला आणि मला तो पटला. केबल माझ्या हातात होती. नेटवर्कला नसलेलं मशीन 'आत्ताच पाहिलं' म्हणणाऱ्या सिक्युरिटी प्रॉडक्टला त्याच मिनिटाला दार दाखवायला हवं होतं. अँटिव्हायरस जागा आहे का ते बघायची आयकारची निरुपद्रवी टेस्ट फाइल टाकून बघितली असती तरी भागलं असतं. ६८ अक्षरांचा मजकूर, नोटपॅडमध्ये टाइप होतो, कुठलाही साधा अँटिव्हायरस तो पाहून ओरडतो. पुढचे तीन महिने मी ती टाकली नाही. का, तर पैसे गेले होते आणि उत्तर नको होतं. हे आज कळतंय.

इन्स्टॉलरला डिजिटल सही नव्हती. विंडोज प्रत्येक मशीनवर 'अननोन पब्लिशर' सांगत होतं. त्यांच्या पीडीएफमध्ये लिहिलं होतं की आधी डिफेंडरचं (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं) टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे तो कुणी बंद करू नये म्हणून असलेलं कुलूप, बंद करा, मग डिफेंडर बंद करा, 'दोन इंजिनं भांडतात'. माझ्या ऑफिसातल्या पोरांनी आणि मी मिळून १४३ मशीनवर ते बंद केलं. जो कुणी कुलूप बसवण्याआधी जुनं कुलूप काढून टाका म्हणतो, त्याच्याशी पुढे बोलूच नका.

जानेवारीत आमच्या अकाउंटंट मॅडम म्हणाल्या, "सर, यांची दोन्ही बिलं टू-बीमध्ये दिसत नाहीयेत." टू-बी म्हणजे जीएसटी पोर्टलवरची यादी, विक्रेत्याने रिटर्नमध्ये दाखवलेली बिलं तिथे दिसतात. मी म्हणालो, येतील पुढच्या महिन्यात. आणि त्याच आठवड्यात तिसरा हप्ता दिला! 'टेरिटरी डिपॉझिट', परत मिळणारं, ९०,०००. दुसरा कुणी आपल्या भागात पार्टनर होऊ नये म्हणून.

फुटलं ते एका सीएच्या ऑफिसात. कुरिअर कंपनीच्या नावाने आलेली अटॅचमेंट कुणीतरी उघडली आणि एका मशीनवरच्या फाइल्स भराभर लॉक व्हायला लागल्या. मी पोचलो तेव्हा स्क्रीनवर खंडणीची नोट होती, आणि माझ्या मोबाइलवर त्याच मशीनपुढे हिरवा ठिपका, सिक्युरिटी स्कोअर ९८. ऑफलाइन डिस्कवरचा बॅकअप होता म्हणून दीड दिवसाच्या कामावर निभावलं. नाहीतर आज हे लिहायला ऑफिस उरलं नसतं. 'चोवीस तास एसओसी'चा नंबर लावला, एका मुलाने तिकीट नंबर दिला. दुसऱ्या दिवशी तो नंबर बंद. चौथ्या दिवशी पोर्टल बंद.

त्या रात्री वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं टूल, लावून बसलो. एजंट दर पंधरा मिनिटांनी फक्त मशीनचं नाव आणि विंडोजचं व्हर्जन पाठवत होता. बाकी काही नाही. एआय नाही, इंजिन नाही, यादीत नाव आहे म्हणून ठिपका हिरवा. आणि वाईट भाग हा की त्याच्यासोबत एक रिमोट ॲक्सेस टूल भलत्याच नावाने सर्व्हिस म्हणून बसलं होतं. २ जुलै २०२१ चं कसेया या सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण आठवा. रॅन्समवेअर (फाइल्स लॉक करून खंडणी मागणाऱ्या) टोळीने आपल्यासारखे लोक वापरतात त्या टूलमधली फट धरली आणि सेवा देणाऱ्यांमार्फत शेकडो धंदे एका दमात लॉक केले. मी तर फट शोधायची तसदीही दिली नव्हती, १४३ दारं उघडून किल्ल्या हातात दिल्या होत्या.

आता तक्रार. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "बिल आहे?" आहे. "माल मिळाला?" सॉफ्टवेअर मिळालं, पण चालत नाही. "मग हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी समजावतोय की प्रॉडक्टच नव्हतं, तर लिहून घेणारे विचारतात, "एजंटचं नाव काय?" म्हटलं, साहेब, एजंट म्हणजे प्रोग्राम. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा लिहिलं. अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. तिच्यात 'सदर एजंट सध्या संपर्कात नाही' असं वाक्य आहे. सायबरवाले म्हणाले, हा आर्थिक गुन्हा, तिकडे जा. तिकडे म्हणाले, रक्कम लहान आहे, स्थानिक ठाण्यात जा. ७,३५,४६० लहान! माझ्याकडे काम करणाऱ्या दोन पोरांचा वर्षाचा पगार आहे तो. पुन्हा स्थानिक ठाण्यात गेलो तर आधीचे साहेब बंदोबस्ताला. बँकेत सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवले, समोरच्या बँकेला आम्ही पत्र लिहू. लिहिलं असेल. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, व्यापारी हेतूने घेतलेली सेवा, तिथे 'ग्राहक' ठरायलाच भांडावं लागेल. बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) फसवणुकीचं कलम ३१८ लागतं म्हणाले, गुन्हा नोंदवत नसतील तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू, फी ४०,०००. म्हणजे चौथा हप्ता.

कराचं तर बोलूच नका. त्यांनी रिटर्नच भरलं नव्हतं. बिल टू-बीमध्ये आलं नाही की क्रेडिट नाही, म्हणजे मी भरलेले ९८,४६० रुपये जीएसटीही बुडाले. सरकारला ते मिळाले नाहीत यात माझा काय दोष, हे ऐकणारं टेबल मला अजून सापडलेलं नाही. म्हणून सांगतो, नव्या व्हेंडरला पहिला हप्ता लहान द्या आणि त्याचं बिल टू-बीमध्ये दिसेपर्यंत दुसरा देऊ नका. आणि फसलात असं वाटलं त्या तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. माझ्यासारखं 'बघू, पोर्टल परत चालू होईल' म्हणत नऊ दिवस घालवू नका, तोवर खात्यात शंभर रुपयेही राहत नाहीत.

रॅन्समवेअरची घटना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवली. २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत कळवावी लागते, एवढं तरी वेळेत केलं. मग सगळ्या ३१ क्लायंटना फोन केले. स्वतःच, पोरांना नाही सांगितलं. दोन महिन्यांचे घेतलेले १,२८,७०० परत केले. चार जण सोडून गेले, त्यांत तो नऊ वर्षांचा कारखानदारही. सीए साहेब मात्र राहिले. म्हणाले, तुम्ही लपवलं नाहीत.

मागच्या आठवड्यात एका 'रिकव्हरी कन्सल्टंट'चा फोन आला. माझी रक्कम पैशापर्यंत त्याला माहीत. १५,००० भरा, सगळे परत आणतो म्हणाला. त्याच्याकडून खाते क्रमांक काढून घेतला आणि पोलिसांना मेल केला. पोच नाही.

एजंट आतापर्यंत १३९ मशीनवरून काढलाय आणि डिफेंडर पुन्हा चालू केलाय. उरलेले चार लॅपटॉप नोकरी सोडून गेलेल्या माणसांनी परत केलेलेच नाहीत. क्लायंट म्हणतो, जाऊ दे, जुने होते. मी रोज सकाळी त्या चौघांना फोन लावतो.