डोळ्यात ७ महिने सिलिकॉन ऑइल : माझा रिव्ह्यू

डोळ्यामागचा पडदा (रेटिना) सरकला होता, त्यावर जखमेच्या व्रणासारखी जाळी पण धरलेली, ऑपरेशननंतर पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात गॅस किंवा तेल भरतात, तर डॉक्टर म्हणाले गॅस नको, तो काही आठवड्यात विरून जातो, तेल आपण काढेपर्यंत राहतं. भरलं. पडदा चिकटला तो आजपर्यंत चिकटलेलाच आहे, त्यामुळे मूळ कामाला माझ्याकडून ५ पैकी ५, त्यात वाद नाही.

पण तेल डोळ्यात असताना काय काय होतं हे कोणी धड सांगत नाही हो. नंबर एकदम प्लस ५ च्या आसपास गेला, मला वाटलं नजरच गेली, मग कळलं तेलामुळे असं होतंच. तेल पाण्यापेक्षा हलकं, वर तरंगतं, म्हणून पालथं झोपा, म्हणजे ते मागच्या पडद्यावर दाबतं. वेटिंगमध्ये शेजारी बसलेल्या काकांना जड तेल घातलेलं, त्यांचं उलटं, ते खाली बसतं, पण त्याने सूज जास्त येऊ शकते म्हणे आणि त्यांचा डोळा लालभडक होताच.

माझी गडबड सुरू झाली दीड महिन्याने. डोकं दुखतंय, डोळा जड, मी आपला जागरणाच्या नावावर ढकलतोय, आणि तपासलं तर डोळ्याच्या आतलं प्रेशर ३४! एक तर आतली सूज, त्यात सुजेसाठीचे स्टिरॉइड ड्रॉप काहींना प्रेशर वाढवतात, म्हणजे औषधावर औषध. ड्रॉप बदलले, उतरलं.

काढायचं ठरलेलं ३ ते ६ महिन्यात, पण आज सर्जन नाही, उद्या मशीन बंद असं करत ७ वा उजाडला, आणि तोवर तेल फुटून बारीक बारीक थेंब झालेले. स्लिट लॅम्पवरचा (डोळा मोठा करून बघायचं मशीन) फोटो दाखवला, बुबुळासमोर वरच्या बाजूला पांढरी रेघ, पू असता तर खाली साठला असता, हे तेल म्हणून वर. हे थेंब डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होण्याची जाळी (ही वेगळी, पडद्यावरची नव्हे) तुंबवतात आणि प्रेशर परत चढतं. अशा पेशंटला तारखेवर तारीख देणाऱ्या अपॉइंटमेंट डेस्कला १ स्टार, तोही तिथल्या सिस्टर फोन उचलायच्या म्हणून.

शेवटी काढलं, मोतीबिंदू झालेलाच होता, तोही त्याच वेळी उरकला. सर्जनला पूर्ण मार्क, तेलाला साडेतीन. घेणार असाल तर काढायची तारीख भरायच्या दिवशीच लिहून घ्या आणि प्रेशर तपासणी चुकवू नका. माझं सध्या १८, एक ड्रॉप अजून चालू आहे, एखाददुसरा थेंब मागे राहिलाय तो नजर फिरवली की काळ्या मण्यासारखा वर-खाली करतो.