मावशीचे पातेले, पोपटाचा अडकित्ता आणि तांबट आळीतील कारखाना

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत जुन्या भांड्यांचे पोचे काढून, सुटलेले सांधे झाळून, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडून, आणि आतून कल्हई करून देणारे काही कारागीर आजही आहेत. त्यांपैकी एका छोट्या कारखान्यात आमच्या घरातील तीन वस्तू मी अलीकडेच दुरुस्त करून घेतल्या. या वस्तूंना मोडीत फारसा भाव येणार नाही आणि घरातल्या माणसांखेरीज कोणाला त्यांचे महत्त्व वाटण्याचे कारणही नाही. म्हणूनच त्या ज्याच्या हाती सोपवायच्या, तो त्या वस्तूंकडे कसा पाहतो, हेच माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे परीक्षण होते.

पहिली वस्तू म्हणजे पितळेचे एक अवाढव्य पातेले. त्याच्या काठाखाली छिन्नीने टिंबे ठोकून आजीचे सासरचे नाव, त्यापुढे ‘हिस मावशीकडून सप्रेम भेट’ आणि १९५८ हे साल घातलेले आहे. दोन माणसांचा संसार मांडायला निघालेल्या नव्या नवरीला वीस माणसांच्या भाताचे पातेले देण्यामागे मावशीचा काय विचार होता, हे तेव्हा कोणालाच उमगले नव्हते. पुढे मात्र वाड्यातील प्रत्येक मंगळागौरीला, मुंजीला आणि श्राद्धाला तेच पातेले मागितले जाऊ लागले, आणि त्यावर नाव असल्यामुळे ते दर वेळी बिनचूक घरी परत आले. भांड्यांवर नावे घालण्याची आपल्याकडची रीत याच गरजेतून टिकली असावी. चार घरांची भांडी एका पंगतीत मिसळली की ती ओळखायची कशी, याचे उत्तर त्या टिंबांत होते. पण त्याच टिंबांनी नात्यांची नोंदही करून ठेवली आहे. आमच्या घरात त्या मावशीचे एकही छायाचित्र नाही. तिचे असे जे काही उरले आहे, ते या एका ओळीत आहे.

दुसरी वस्तू पोपटाच्या आकाराचा पितळी अडकित्ता. आजीच्या सासूबाईंनी तो तिला दिला होता. आजीने सुपारीला कधी हात लावला नाही, पण आयुष्यभर त्याने खडीसाखर फोडली. त्याची खीळ झिजून दोन्ही पाती डगडगत होती. तिसरी वस्तू पाणी तापवण्याचा तांब्याचा लहानसा बंब. आजोबांची बदली थंड हवेच्या गावी झाली, तेव्हा त्यांच्या थोरल्या भावाने तो पाठवला होता. त्याच्या मधल्या नळीचा सांधा सुटून पाणी विस्तवावर गळत असे, म्हणून तो वर्षानुवर्षे माळ्यावर पडून होता.

कारखान्यात गेल्यावर पहिली समाधानाची गोष्ट घडली ती अशी की, तेथील वयस्क कारागिरांनी पातेले हातात घेऊन आधी वजन केले नाही. त्यांनी ते उजेडात फिरवून अक्षरे वाचली आणि विचारले, “ताई, नाव तसंच ठेवायचं ना? मग बाहेरून मशिनला लावत नाही. चकाकी थोडी कमी येईल, चालेल का?” या एका प्रश्नासाठी मी या कारखान्याला पूर्ण गुण देईन. आमच्या नात्यातील एका घरी असेच जुने ताट दुसऱ्या एका दुकानात पॉलिशला दिले होते. ते आरशासारखे लखलखीत होऊन परत आले, पण त्यावरील नाव बोटाने चाचपूनही लागत नाही इतके पुसले गेले होते. यंत्रावर बफिंग करताना धातूचा वरचा थर निघतो, आणि हाताने ठोकलेली जुनी अक्षरे मुळातच उथळ असतात. नव्या भांड्याला ती चकाकी शोभते. आठवण म्हणून जपलेल्या भांड्याचे मात्र तिने कायमचे नुकसान होते.

कल्हईचे काम माझ्यासमोरच झाले. पातेले आतून घासून स्वच्छ केले, भट्टीवर तापवले, नवसागराची पूड टाकली आणि पांढऱ्या धुराचा लोट उठताच कथलाची कांडी तळाला टेकवून वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने झरझर सर्वत्र फिरवले. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे आणि पितळ त्याहून कितीतरी अधिक तापमानाला. त्यामुळे भांड्याला धक्का न लागता आतून रुपेरी थर बसतो. हा थर नसेल तर आमटी, ताक किंवा चिंचेचे सार पितळेत कळकते आणि पोटात जाण्याजोगे राहत नाही. येथे एक काळजी अवश्य घ्यावी. स्वस्त कल्हईसाठी कथलात शिसे मिसळले जाऊ शकते आणि शिसे विषारी असते, म्हणून शुद्ध कथील वापरणार का, हे स्पष्ट विचारावे. या कारागिरांनी न विचारता कांडी दाखवली. चुलीवर रिकामे भांडे तापू देऊ नका आणि घासायला तारेची घासणी वापरू नका, ही सूचनाही त्यांनी आवर्जून दिली.

बंबाचे काम अधिक कौशल्याचे होते. नळीचा सांधा झाळून झाल्यावर पोचा पडलेला भाग आतून आधार देऊन बाहेरून हलक्या हाताने मठारला, म्हणजे ओळीने ठोके देत सारखा केला. ठोक्यांच्या या खुणा तांबट आळीच्या कामाची ओळख आहेत. पेशवाईच्या काळापासून येथे वसलेल्या त्वष्टा कासार समाजाची ही कला आहे आणि आळीत शिरताच कानावर पडणारा ठोक्यांचा नाद हीच तिची पाटी म्हणावी लागेल. नवा ठोका जुन्या ठोक्यांच्या ओळीत इतका बेमालूम बसला आहे की दुरुस्ती कोठे झाली, हे मला दाखवता येत नाही. अडकित्त्याला मात्र त्यांनी नवी खीळ बसवली, पण पोपटाच्या झिजलेल्या चोचीला हात लावला नाही. ती घासून टोकदार करून द्यावी, अशी माझी सूचना त्यांनी शांतपणे नाकारली, आणि आता तो निर्णय योग्यच वाटतो.

ज्यांना घरातल्या अशा वस्तू टाकाऊ वाटतात, त्यांनी तांबट आळीतून पुढे शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात जरूर जावे. दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ उभारलेल्या या संग्रहात सुमारे वीस हजार वस्तू आहेत, आणि त्यांतील कितीतरी अडकित्ते, दिवे, पाय घासण्याच्या वज्री व स्वयंपाकाची भांडी सामान्य घरांतूनच आलेली आहेत. तेथील अडकित्ते पाहिल्यावर आमच्या पोपटाचे गोत्र मला कळले. स्टीलची भांडी आली तेव्हा मोडीच्या तराजूत असे किती पोपट आणि किती मावश्या गेल्या असतील, या विचाराने खरोखर हळहळ वाटते.

सेवेतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पावती मिळाली नाही. वस्तूवर खडूने नाव लिहिणे हीच नोंद. दिलेल्या दिवशी काम तयार नव्हते आणि फोन उचलला जात नव्हता. बंबाची तोटी अजून थेंब थेंब गळते, कारण जुन्या मापाची तोटी मिळेपर्यंत दुसरी बसवण्यास त्यांनी नकार दिला. दर मात्र वाजवी आहेत. कल्हई भांड्याच्या आकारावर ठरते, आणि आमच्या पातेल्याला आला तो खर्च तेवढ्याच आकाराच्या नव्या स्टीलच्या पातेल्याहून कमी होता. झाळकामाचे पैसे वेगळे पडतात आणि ते आधी ठरवून घेणे बरे.

केवळ दिवाणखान्यात चकचकीत मांडण्यासाठी भांडी हवी असतील, तर पॉलिशची दुकाने अधिक सोयीची आहेत. वापरण्यासाठी आणि नावासकट पुढच्या पिढीला देण्यासाठी हवी असतील, तर तांबट आळीतच यावे. मात्र लग्नसराई आणि दिवाळीच्या आधीची गर्दी टाळावी, आणि भांडे सोपवण्यापूर्वी त्यावरील अक्षरांचे जवळून छायाचित्र काढून ठेवावे.