पावसाळ्यात सहकुटुंब परदेशी: बाली की श्रीलंका?

जुलै-ऑगस्टमध्ये परदेशी जायचे ठरले, की बाली आणि श्रीलंका ही दोन नावे हमखास पुढे येतात. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपल्याकडे मुसळधार पाऊस असताना तिथे कोरडा हंगाम असतो. मात्र हाच गर्दीचा काळ असल्यामुळे हॉटेलचे दर चढलेले असतात आणि विमानप्रवासही लांबचा पडतो. लहान मुले बरोबर असल्यास सानूरचा किनारा निवडावा, कारण तिथे प्रवाळाच्या कड्यामुळे लाटा बाहेरच अडतात.

श्रीलंकेचे गणित वेगळे आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, बेंटोटा आणि गॉल या बाजूला कोसळतो. मधल्या डोंगररांगांमुळे पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमाली, निलावेली आणि पासिकुडा येथे याच महिन्यांत ऊन असते व समुद्र शांत असतो. वाटेत मिन्नेरियाच्या तलावाकाठी, पाणी ओसरून उगवलेल्या कोवळ्या गवतावर हत्तींचे मोठाले कळप चरायला जमतात. मुंबईहून कोलंबो जेमतेम अडीच तासांवर असले, तरी तिथून त्रिंकोमालीपर्यंतचा रस्त्याचा प्रवास पाच-सहा तासांचा आहे, हे ज्येष्ठांना आधीच सांगावे. श्रावण पाळणाऱ्यांनी भाताबरोबर येणाऱ्या ओल्या नारळाच्या सांबोलाची आवर्जून चौकशी करावी. त्यात बहुधा सुक्या माशाचा चुरा असतो.

पंधरा ऑगस्टला जोडून मिळणाऱ्या चार-पाच दिवसांसाठी मी निःसंशय श्रीलंकाच सुचवेन. बालीला किमान आठवडा हवा.