एए मीटिंग, फॉलोअप ग्रुप की झूम? दारू सोडताना आधी कुठे जायचं

दारू सोडायची हे पक्कं झालंय पण जायचं कुठे, एएला म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला, की मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्राच्या फॉलोअपला, की घरातच दार लावून झूमवरच्या ऑनलाइन मीटिंगला, हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. मी तिन्हीकडे बसलोय, सहा वर्षं झाली प्यायलो नाही, म्हणून जे बघितलं ते लिहितो.

त्याआधी एक गोष्ट, आणि ही प्लीज वगळू नका. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरत असतील, घोट घेतल्याशिवाय चहाचा कपसुद्धा धरता येत नसेल तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. रोजची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांतच फिट येऊ शकते, त्यानंतर भास, बडबड, आणि त्यात माणूस दगावू शकतो. ते औषधानं सांभाळायचं काम आहे, ग्रुपचं नाही.

आता एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनमध्ये दोन पिणाऱ्यांनी सुरू केलं, एक शेअर बाजारातला आणि एक सर्जन, दोघांना कळलं की आपण एकमेकांशी बोलत बसलो की पीत नाही, बस एवढंच मूळ आहे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, शेवटी पिशवी फिरते त्यात दहा-वीस टाका नाहीतर तशीच पुढे सरकवा. अट एकच, पिणं थांबवायची इच्छा.

माझी पहिली मीटिंग म्युनिसिपालटीच्या शाळेत होती, चौथीच्या वर्गात. समोरच्या पानटपरीवर वीस मिनिटं उभा होतो, आत जाऊ की नको, कुणी ओळखीचं बघेल का. मग गेलो. बाक इतके छोटे की गुडघे छातीला लागत होते, फळ्यावर पाढे अर्धवट पुसलेले आणि त्यावरच बॅनर टांगलेला. एकजण बोलायला उभा राहिला, काय बोलला ते सांगणार नाही कारण तिथलं तिथेच ठेवायचं असतं, पण मला वाटलं माझ्या घरातलं याला कुणी सांगितलं? बायकोलाही माहीत नसलेलं तो स्वतःचं म्हणून सांगत होता. निघताना एका काकांनी नंबर दिला, म्हणाले प्यावंसं वाटलं तर प्यायच्या आधी फोन कर, नंतर नको. रात्री अडीचला केला होता, उचलला.

अडचणी पण आहेत. यादीतली वेळ जुनी असते, एकदा मी रिक्षा करून गेलो आणि हॉलला कुलूप, तेव्हा आधी फोन करून विचारा आणि ओपन मीटिंग आहे की क्लोज्ड तेही विचारा, क्लोज्डमध्ये घरच्यांना बसता येत नाही. प्रार्थना, उच्चशक्ती वगैरे शब्दांनी काहीजण पहिल्याच दिवशी बिचकतात. मी पण देव मानत नाही, मला कुणी मानायला लावला नाही, ग्रुपलाच ती शक्ती समजून चाललो.

फॉलोअपचं वेगळं. मुक्तांगण पुण्यात १९८६ ला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी सुरू केलं, पुलं आणि सुनीताबाईंची मदत होती. अशा केंद्रात अ‍ॅडमिट होऊन बाहेर पडलात की फॉलोअपला समुपदेशक असतो, त्याला तुमची केस माहीत असते, गोळ्या, झोप, नोकरी सगळं विचारतो, आणि बायको किंवा आई सोबत येते हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं कारण घरात विश्वास उडालेला असतो तो एकट्यानं मीटिंगला जाऊन परत येत नाही. पण फॉलोअप रोज नसतो, आणि प्यायची ओढ काही वार बघून येत नाही. मुंबई-पुण्यात एए जवळपास रोज कुठे ना कुठे मिळतं, तालुक्याला मात्र जे एक असेल तेच धरा.

झूमबद्दल स्पष्ट सांगतो. दुबईत असाल, नाइट शिफ्ट असेल, किंवा बाई असाल आणि गावात चर्चेची भीती असेल तर नक्की करा. पण मी एकदा कॅमेरा बंद ठेवून, ग्लास समोर घेऊन अख्खी मीटिंग ऐकलीय. शाळेच्या बाकावर ते जमलं नसतं, शेजारच्याला वास आला असता.

म्हणून माझं मत, अ‍ॅडमिट झाला असाल तर फॉलोअप सोडू नका आणि मधल्या दिवसांत एए, अ‍ॅडमिट झाला नसाल तर थेट एए, आणि झूम जिथे पाय पोचत नाहीत तिथेच. २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले त्यातही पूर्ण दारूबंद राहण्यात एए आणि त्याकडे नेणारे उपचार इतर समुपदेशनापेक्षा सरस दिसले. ग्रुप मात्र घराजवळचा आणि आपल्या भाषेतला बघा, इंग्रजी ग्रुपमध्ये मी दोन महिने नुसता मान हलवत होतो.

घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचा वेगळा ग्रुप आहे, पिणारा येवो न येवो, त्यांनी जावं. जवळचं केंद्र शोधायला १४४४६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे.

पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधी पोचा, चहा चालू असतो तेव्हा कुणीतरी आपणहून बोलतं. तुमची पाळी आली आणि बोलवत नसेल तर "आज फक्त ऐकतो" म्हणा, चालतं.