चाळीतल्या खोलीत आरसीसीबी: आठ महिन्यांनंतर

गिरगावात दुसऱ्या मजल्यावर आमची दोन खणांची खोली. वायरिंग आजोबांच्या काळातलं, लाकडी पट्टीवरचं. मागच्या पावसाळ्यात मोरीतल्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. आईचा उपाय एकच, "स्लीपर घालून जा." सगळा पावसाळा त्यावर निभावला. एप्रिलात वायरमनने मेनजवळचं चिनी मातीचं किटकॅट उपसलं, तर आत फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याच्या चार तारा पिळून बसवलेल्या. असला फ्यूज उडत नाही, आधी वायर पेटते.

लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती दिसली की वीज तोडणारा खटका आणला, 40 अँपिअरचा, 30 मिलिअँपिअर गळतीला पडणारा, दोन हजारांच्या आसपास. सोबत एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारे खटके घेतलेच, कारण लोड वाढला म्हणून आरसीसीबी पडत नाही. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला की नाही, एवढंच तो बघतो. मधे कुठे भिंतीत, नळात किंवा माणसात गळती झाली, की खटका पडलाच.

पहिला आठवडा नुसता वैताग. रोज संध्याकाळी सातला अंधार. फ्रीज काढून बघितला, मिक्सर काढून बघितला. वायरमन म्हणाला, "साहेब, पीसच खराब आहे, बदलून आणा." शेवटी मीच बाहेर उभा राहिलो. शेजारच्या काकूंनी गॅलरीतला दिवा लावला आणि आमच्या घरात खट! त्या दिव्याचा फेज कॉमन मीटरवरून आणि न्यूट्रल आमच्या खोलीतून, कधीकाळी कुणीतरी वायर वाचवायला जोडलेला. दिवा 9 वॅटचाच, पण 230 व्होल्टला तेवढेच जवळपास 40 मिलिअँपिअर होतात, आणि ते आमच्या न्यूट्रलने परत येत होते. न्यूट्रल वेगळा केला, त्रास संपला. पीस शाबूत होता.

जुलैत पुन्हा पडायला लागला, तोही गीझर लावल्यावरच. या वेळी झिणझिण्यांचं मूळ सापडलं. गीझरचं अर्थिंग जुन्या पद्धतीने नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेलं, आणि खालच्या मजल्यावर तो पाइप केव्हाच प्लास्टिकचा झालेला! गीझरच्या कॉइलमधली गळती जमिनीत जायची तर नळातच मुक्काम करून होती. पावसात फरशी आणि भिंत ओली, म्हणून तेव्हाच जाणवायची. कॉइल बदलली, तळमजल्यावरच्या मीटरखोलीतून स्वतंत्र हिरवी वायर वर ओढून घेतली. मीटरपर्यंतचं वीज देणाऱ्या बेस्टचं, पुढचं आपलं, त्यामुळे खर्च आमचाच. पण हे करायलाच हवं होतं. अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी चालतो, फक्त गळती बहुतेकदा कुणाचा तरी हात लागल्यावरच त्याला कळते. अर्थिंग असलं की हात लागायच्या आधीच पडतो.

गणपतीत ऐन आरतीला पडला. मामा चिडले, "काढून टाक तो डबा!" आरती समईच्या उजेडात झाली. नंतर बघितलं तर माळेची सोललेली वायर खिडकीच्या गजाला टेकलेली. मुलं त्याच गजाला धरून उभी राहतात. मामांनी मग तो विषय काढला नाही.

तक्रार एकच, आणि ती मोठी आहे. अख्ख्या घराला एकच लावला, त्यामुळे एक पडला की सगळं बंद. तीन दिवस गावाला गेलो आणि फ्रीजमधल्या पापलेटांचा वास जिन्यापर्यंत आला. तेव्हा का पडला ते आजतागायत कळलेलं नाही. पुन्हा करायचं तर फ्रीजला वेगळा घेईन. आणि एका हाताने फेज, दुसऱ्याने न्यूट्रल धरलात तर त्याला गळती दिसतच नाही, त्यामुळे आता शॉक बसणारच नाही असं समजून बोर्ड उघडू नका.

टेस्टचं बटण आई दाबते, कालनिर्णयचं पान उलटलं की. खट वाजलं की समाधानाने वर करते. आतल्या खणात मात्र अजून लाकडी पट्टीच आहे. तिथे इस्त्री लावत नाही, एक दिवा आणि पंखा, बस.