जीपीआरने स्लॅब स्कॅन करणं : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

जीपीआर म्हणजे काँक्रीटमध्ये रेडिओ लहर सोडून आत काय दडलंय ते दाखवणारं रडार. मशीन घेऊन आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. आमचं काम ठाणे-मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगांचं, रिपेअर आणि कोअर कटिंग (काँक्रीटमध्ये गोल भोक पाडणं). मुंबईत ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला स्ट्रक्चरल ऑडिट कंपल्सरी आहे त्यामुळे कामाला तोटा नाही, पण आरसीसी ड्रॉइंग (सळया कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा) मागितलं की सेक्रेटरी काका आधी कपाटाकडे बघतात आणि मग आमच्याकडे. आधी कव्हर मीटरवर भागवायचो, तो सळई दाखवतो पण फक्त सळईच, पीव्हीसी पाइप किंवा पोकळी त्याला दिसत नाही. एक्स-रे काढायचा तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी, आजूबाजूची माणसं बाहेर काढा, पलीकडच्या बाजूला फिल्म लावा, कोण करतंय एवढं.

आमचं २.७ गिगाहर्ट्झचं, चाकांवर गाडीसारखं भिंतीवर फिरवायचं. सळईला आडवं गेलात की स्क्रीनवर पालथ्या कढईसारखी कमान दिसते, कढईचा बुडखा म्हणजे सळईची जागा. पण सळईच्या अंगानेच फिरवलंत तर कमान येतच नाही, सरळ पट्टा येतो आणि नवा माणूस त्याला स्लॅबचा तळ समजतो (आम्हीही समजलो होतो). म्हणून दोन्ही दिशांनी फिरवायचं, ६० बाय ६० सेंमीचा ग्रिड, ५-५ सेंमीवर रेघा.

खरा धडा जुलैत मिळाला. हे मशीन खोली मोजत नाही, लहर जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजतं, आणि काँक्रीटचा डायइलेक्ट्रिक (लहर त्यात किती हळू चालते ते ठरवणारा आकडा) तुम्ही जो टाकाल त्यावरून मिमी काढून देतं. कोरड्या काँक्रीटला आम्ही ६ ठेवायचो. एका गळक्या बाथरूमच्या स्लॅबवर तेच ठेवलं, कव्हर (सळईवरच्या काँक्रीटची जाडी) दाखवलं ३१ मिमी, आम्ही निवांत ड्रिलचा स्टॉपर २८ वर लावला आणि बिट थेट सळईवर खणकन. फोडून पाहिलं तर कव्हर २५. ओलाव्याने तो आकडा ९ च्या आसपास गेलेला, लहर हळू चाललेली, आणि मशीनला वाटलं सळई खोल आहे. पाण्याचा डायइलेक्ट्रिक ८० च्या घरात असतो म्हटल्यावर थोड्या ओलीनेही फरक पडणारच. तेव्हापासून प्रत्येक जागी एक सळई उघडी करून टेपने मोजतो आणि मगच आकडा सेट करतो, कस्टमर कुरकुरला तरी.

सळई १२ ची की १६ ची हे ते सांगत नाही, गंज किती तेही नाही. वरची जाळी दाट असेल तर खालचा पाइप तिच्या सावलीत जातो. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) असेल तर स्क्रीनवर नुसता गोंधळ, तिथे स्लॅबच्या खालून स्कॅन करा. रिकामा कंड्यूट (वायरींचा पीव्हीसी पाइप) मात्र ओळखता येतो, लोखंडाच्या कमानीत काळा-पांढरा ज्या क्रमाने येतो त्याच्या उलटा इथे येतो, हे कळायला मला तीन महिने लागले, डेमोला आलेल्या माणसाने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

किंमत जास्त आहे, भाड्यानेही मिळतं, महिन्याला दोन-तीनच साइट असतील तर भाड्यानेच घ्या. आणि हो, चाकं दर तासाला फडक्याने पुसा. प्लास्टरची धूळ बसली की चाक घसरतं, मग अंतर कमी मोजलं जातं आणि खडूने केलेली खूण सळईपासून दोन बोटं सरकलेली निघते.