पायलट स्पोर्ट ४, आरएस २३० आणि एक फुगा: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

लिहायचं कधीपासून मनात होतं पण मुहूर्त लागला तो टायरवाल्याशी झालेल्या भांडणामुळे, म्हणून आधीच सांगून टाकतो की टायर भारी आहेत, राग टायरवर नाही. कोणावर आहे ते पुढे येतंच.

गाडी २०१७ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३०, म्हणजे ऑक्टेव्हियाची जोरदार इंजिनवाली स्पोर्टी आवृत्ती, सेकंडहँड घेतलेली. रिमॅप (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) वगैरे काही नाही, जशी आली तशी. साइज २२५/४५ आर१७ (रुंदी २२५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत त्याच्या ४५ टक्के, रिम १७ इंची), टायर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४, चारही नवे, एप्रिल २०२५ मध्ये टाकले. २३० पीएस ताकद आणि ३५० एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) सगळं पुढच्या दोन चाकांवर येतं, आणि जुने टायर इतके झिजले होते की सिग्नलवरून जरा जोरात निघालं की ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक जागेवर घसरून फिरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकायलाच लागायचा. पावसात तर विचारूच नका.

आता समर टायर म्हणजे काय हा घोळ एकदा मिटवतो कारण माझा जर्मनीतला मावसभाऊ फोनवर दरवेळी "तुझे समर की ऑल सीझन" असं विचारून डोकं खातो. तिकडे पारा ७ डिग्रीच्या खाली गेला की समरचं रबर कडक पडतं म्हणून लोक थंडीचा दुसरा सेट ठेवतात. आपल्याकडे मिळणारे कारचे बहुतेक टायर समरच, प्रश्न फक्त स्पोर्ट (पकडीसाठी) घ्यायचे की टूरिंग (आराम आणि टिकाऊपणासाठी) एवढाच. पुण्यातसुद्धा डिसेंबरात पहाटे ८-९ डिग्री असते तेव्हा पहिले दोनचार किलोमीटर हे टायर जरा लाकडी वाटतात, मग गरम झाले की सुतासारखे सरळ.

घेताना बहुतेकांनी मिशेलिनचाच टूरिंग टायर, प्रायमसी ४ एसटी सुचवला. शांत चालतो, टिकतो, पैसेही कमी. काँटिनेंटलचा मॅक्सकाँटॅक्ट, योकोहामाचा अॅडव्हान फ्लेव्हा, अपोलोच्या घरातला व्रेडेस्टाइन अल्ट्रॅक व्होर्टी, सगळ्यांचे भाव काढून झाले. जून २०२० मध्ये सरकारने टायरची आयात रिस्ट्रिक्टेड (परवान्याशिवाय बंद) केली तेव्हापासून या साइजचं स्पोर्ट टायर म्हणजे आज आहे उद्या नाही, त्यामुळे यादी करून उपयोग नसतो, दुकानात काय आहे ते बघायचं. पायलट स्पोर्ट माझ्या नशिबाने चारही होते. एकाचे पंधरा हजारांच्या आसपास. बिल घरी दाखवलं नाही, यूपीआयचा मेसेज बायकोच्या फोनवर गेला तो भाग वेगळा.

दोनतीन मित्र म्हणत होते १८ इंची रिम आणि २२५/४० टायर कर, दिसायला मस्त दिसतात. बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहतो, ६३४ मिमीचा ६३७ होतो, स्पीडोमीटरला फरक पडत नाही, सगळं मान्य. पण २२५/४५ ला साइडवॉल मिळते १०१ मिमी आणि २२५/४० ला ९०. ती जी वरची ११ मिमी आहे ना, तीच आपल्या रस्त्यांवर रिम आणि खड्डा यांच्यामध्ये उभी असते. मी १७ वर ठाम राहिलो. आणि लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९४ चा घेतला, ९१ नाही. ९१ म्हणजे चाकाला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०, गाडीला एवढं लागत नाही पण ९४वाला एक्स्ट्रा लोड म्हणजे सांगाडा मजबूत. आकड्यामागचं वाय हे अक्षर ताशी ३०० किमी स्पीडसाठी, त्याचं आपण काय करणार, लोणचं.

आता माझ्या लाडक्या विषयावर येतो. रिम प्रोटेक्टर. कोणी नीट लिहीतच नाही याबद्दल, सगळे ग्रिप ग्रिप करतात. टायरच्या साइडवॉलला रिमच्या अगदी कडेला रबराची एक पाळी बाहेर आलेली असते, रिमपेक्षा किंचित पुढे. आमच्या सोसायटीचा रँप ज्याने बांधला त्याने आयुष्यात गाडी चालवली नसावी, वळणावर डाव्या बाजूला सिमेंटचा कट्टा असा आहे की सगळ्यांच्या रिमा तिथे खरवडलेल्या. आरएसचं एक रिम विकत घ्यायला गेलात तर टायर स्वस्त वाटतो. नवे टायर टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात पाहुण्यांना जागा द्यायला रिव्हर्स घेताना तो खर्रर्र आवाज आला, पोटात गोळा, उतरून बघतो तर रबराच्या पाळीवर पांढरा ओरखडा, रिमला काही नाही. बोट फिरवलं, चुना निघून आला, संपला विषय. त्या क्षणी माझे पैसे वसूल झाले. तेव्हापासून कोणाचीही गाडी दिसली की मी आधी वाकून पाळी बघतो, लोकांना वाटतं पंक्चर सांगतोय. एकच कटकट, पावसाळ्यात त्या खाचेत लाल माती जाऊन बसते आणि जुन्या टूथब्रशशिवाय निघत नाही.

पहिले काही आठवडे मात्र मी फार खूश नव्हतो. कोरड्या रस्त्यावर ग्रिप आहे हे दिसत होतं, दिवा लुकलुकायचा बंद झाला, खंबाटकीला स्टीअरिंग फिरवलं की नाक लगेच वळत होतं, पण ऑफिस ते घर वाकड-बाणेर ट्रॅफिकमध्ये २० च्या स्पीडने चालणाऱ्या माणसाला याचा उपयोग काय असं वाटायचं. अॅव्हरेजही जरासं घसरलं. प्रायमसीत भागलं असतं, वरचे पैसे उगाच घातले, हे मत मी दोनचार जणांना बोलूनही दाखवलं.

एप्रिलच्या शेवटी नागपूरला गेलो, संभाजीनगरहून समृद्धीला लागलो. समृद्धीवर टायर फुटण्याच्या बातम्या एवढ्या झाल्या की आरटीओने मध्यंतरी टायर तपासूनच गाड्या आत सोडायला सुरुवात केली होती. दोष नुसता काँक्रीटचा नाही, १२० ची लिमिट, तासनतास एकाच स्पीडने चालणं, विदर्भातलं ऊन आणि त्यात कमी हवा, यातून टायर तापतो. हवा कमी असली की साइडवॉल दर फेऱ्याला जास्त वाकते आणि तीच उष्णता शेवटी घात करते. लोक नेमकं उलटं करतात, उन्हाळा आहे म्हणून हवा कमी ठेवतात. मी निघताना थंड टायरला ३३ पीएसआय ठेवली, मधे पंपावर बघितलं तर ३८ च्या पुढे, पंपावरचा पोरगा लगेच सोडायला बसला होता, त्याचा हात धरला. गरम टायरमधली वाढलेली हवा सोडायची नसते, गार झाल्यावर ती कमीच भरते. नायट्रोजनचे पैसे मी देत नाही, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. टायरने पूर्ण रस्ता कुरकुर केली नाही. काँक्रीटवर गूं आवाज येतो पण तो सगळ्यांचाच येतो.

माझं मत फिरलं ते पावसात. २०२५ चा मे तर अर्धा पावसातच गेला, आणि जूनमध्ये ताम्हिणीने कोकणात उतरलो. ताम्हिणीचा पाऊस माहीत असेलच, वायपर फुल्ल आणि तरी समोर दूध. एका उतारावरच्या डाव्या वळणावर डोंगरावरून आलेलं पाणी रस्ता ओलांडून वाहत होतं, वर झाडाचा पाला, आणि समोरून एसटी अर्धी माझ्या बाजूला. ब्रेक दाबला आणि तसाच वळवला. जुन्या टायरवर इथे पायाखाली ती एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) कडकड सुरू झाली असती आणि गाडी सरळ एसटीकडे गेली असती. इथे स्टीअरिंगला फक्त डावीकडे एक हलका झटका लागला, त्या बाजूच्या चाकाने पाणी कापलं तेवढा, आणि गाडी वळली. एबीएस आलंच नाही. ड्रायव्हरकाकांनी हात केला, मी पण केला. बायको म्हणाली "हळू चालव ना रे", म्हणजे तिला काही कळलंसुद्धा नाही आणि हेच टायरचं सर्टिफिकेट. टायरच्या रबरात मिसळलेल्या सिलिकाने ओल्यात पकड येते आणि रुंद उभ्या खाचांतून पाणी मागे फेकलं जातं हे वाचलेलं होतं, त्या दिवशी कमरेला जाणवलं. त्यानंतर प्रायमसीचं नाव काढलं नाही. दोनचार जणांना परत फोन करून सांगितलं.

मग गणपती. मुंबई-गोवा हायवेवर, माणगाव मागे टाकलं आणि पाण्याने भरलेला खड्डा, दिसायचा प्रश्नच नाही, धाड्. गाडी थांबवून बघितलं, रिम शाबूत, हवा शाबूत. पाळीचीच कृपा असं मी म्हटलं (खड्ड्यात पाळीचा काही संबंध नसतो, तरीही). गावाला पोचल्यावर आरती झाली आणि सहज म्हणून चाकाच्या आतल्या बाजूने हात फिरवला तर पुढच्या डाव्या टायरला आतून आवळ्याएवढा फुगा. बाहेरून बघून कधीच दिसला नसता, म्हणून खड्डा बसला की आतून हात फिरवा. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात साइडवॉल चिमटली जाते, आतले दोरे तुटतात, मग हवा तिथलं रबर बाहेर ढकलते. याला पंक्चरसारखी दुरुस्ती नाही, चालवलात तर कधीही फुटेल. स्टेपनी लावून रांगत पुण्यात आलो.

आता भांडण. टायर घेताना नाना पेठेतल्या टायरवाल्या शेठनी छातीला हात लावून सांगितलं होतं, "साहेब बिनधास्त घ्या, कट गेला, फुगा आला, वर्षभर आपली जबाबदारी", आणि बिलावर पेनाने '१ वर्ष रिप्लेसमेंट' असं लिहून सही. आता टायर घेऊन गेलो तर म्हणे ते मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टसाठी आहे. मी म्हटलं तुम्हीच फुगा म्हणाला होतात. तर मला म्हणतात, "साहेब, फुगा आतून यायला पाहिजे, खड्ड्याचा नाही चालत". फुगा आतूनच येतो हो, हवा आतच असते! खड्ड्याचा मार कंपनीच्या नेहमीच्या वॉरंटीत सहसा बसत नाही हे मला मान्य आहे, पण कंपनीच्या वॉरंटीवर तुम्ही तुमची जबाबदारी पेनाने लिहून दिलीत त्याचं काय? शेवटी ऑफर काय, अलाइनमेंट-बॅलन्सिंग फुकट आणि चहा. चहा प्यायलो, उगाच का सोडा.

वर सल्ला, जोडीने टाका, एक टाकलात तर गाडी ओढेल. बाकीच्या तिघांच्या खाचांची खोली गेजने मोजली तर सहा मिमीच्या वर, नव्यापेक्षा दीडएक मिमीचाच फरक. एवढ्यासाठी पंधरा हजार अजून घालायचे? कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतं, आणि पावसासाठी मी ३ ला बदलतो, म्हणजे अजून भरपूर आहे. झीज अर्ध्यावर आली असती तर जोडी घेतली असती. एकच घ्यायचा ठरवला, तोच मॉडेल, आणि नवा टायर मागे टाकायचा, कारण मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते, पुढची सुटली तर निदान समोर दिसतं तरी. हा टायर असिमेट्रिक आहे (आतल्या आणि बाहेरच्या बाजूची नक्षी वेगळी), 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर ठेवली की कुठल्याही चाकाला चालतो.

पण तेवढ्यात ३ सप्टेंबरला जाहीर झालं की २२ तारखेपासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ होणार. पंधरा हजाराच्या टायरला अकराशे-बाराशे रुपये! मी गाडी कव्हर घालून पार्किंगला उभी केली आणि २२ पर्यंत बायकोच्या अॅक्टिव्हावरून ऑफिसला गेलो, पावसात, रेनकोट घालून. ती म्हणाली, "साठ हजाराचे टायर टाकलेस आणि फिरतोस माझ्या अॅक्टिव्हावर". असू दे. एप्रिलमध्ये चार टायरांवर जे साडेचार हजार जादा सरकारला गेले ते तर परत येणार नव्हते, हे तरी वाचले. टायर दुसऱ्या दुकानातून घेतला, मॅन्युफॅक्चरिंगचा आठवडा-वर्ष आधी फोटो मागवून बघितलं, आणि पाळी पण बघितली.

गाडी ओढत बिढत काही नाही. हायवेला हात सोडून बघितला, सरळ जाते.

कोणी घ्यायचा विचार करत असेल तर माझं उत्तर तुम्ही कुठे चालवता त्यावर. शहरातच फिरत असाल आणि घाट वर्षाकाठी महाबळेश्वरपुरता असेल तर टूरिंग घ्या, पैसे वाचवा. पावसाळ्यात घाट उतरणारे असाल तर हाच घ्या, फक्त एका टायरचे पैसे खड्ड्याच्या नावाने बाजूला काढून ठेवा. आणि १८-१९ इंचीचं कोणी सुचवलं तर त्याला सांगा रिमचं बिल तू भर.

शेठची ती पेनाने लिहिलेली ओळ मी जपून ठेवलीये, १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीये. फुगा आलेला टायर बाल्कनीत आहे, पुरावा म्हणून. बायकोला त्यात गोकर्ण लावायचाय, निकाल लागेपर्यंत देणार नाही म्हटलं.